बिघाड लपवला तर दुरुस्ती कशी होणार?

केळझरच्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी बोलतो आहोत. चुलीवर काही असेल तर आच जरा कमी करा आणि घरातल्या लेकीसुनांनाही जवळ बोलवा. आजचा विषय मोबाईलमधल्या चोरीचा आहे. या चोरीवर तीस वर्षं राखण करणाऱ्या पुण्याच्या दोन भावांची गोष्टही त्यासोबत सांगायची आहे. पण सुरुवात आपल्याच घरातून करू.

आमच्या एका गटातली ताई दोन बैठकांना आली नाही. पहिल्या वेळी कुणी म्हणालं, कापूस वेचणी सुरू आहे, वेळ मिळाला नसेल. दुसऱ्या वेळी तिचा हप्ताही आला नाही. ती हप्ता चुकवणारी बाई नाही. म्हणून आम्ही दोघी-तिघी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आधी ती काही बोलेना. चहा झाला आणि मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मले तर वाटलं लग्नाची पत्रिकाच आहे व माय."

झालं होतं असं. ओळखीच्या एका नंबरवरून तिच्या व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. लग्नसराईचे दिवस, नंबर ओळखीचा, म्हणून तिने बोट लावलं. फोनने काहीतरी परवानगी विचारली, तिने 'हो' केलं. पत्रिका काही उघडली नाही. रात्री खात्यातून तीन वेळा पैसे गेले, मिळून १८,५०० रुपये. सोयाबीन विकून आलेले पैसे होते ते. त्यातूनच गटाच्या कर्जाचा हप्ता जायचा होता.

तिने ही गोष्ट नऊ दिवस कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. "तुम्ही हसाल वाटलं, शिकून सवरून फसली म्हणाल," असं ती म्हणाली. त्या नऊ दिवसांत तिच्याच नंबरवरून तीच पत्रिका तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर गेली. आमच्याच गावातल्या आणखी दोघींनी ती उघडली, कारण पाठवणारीचं नाव ओळखीचं होतं. तिने पहिल्याच दिवशी आरडाओरडा केला असता, तर त्या दोघी वाचल्या असत्या. तिचे स्वतःचे पैसेही कदाचित अडवता आले असते. आम्ही तक्रार केली, पण फार उशीर झाला होता. पैसे परत आले नाहीत. गटाने तिचा हप्ता पुढे ढकलला आणि ती पुन्हा बैठकीला यायला लागली, एवढंच आमच्या हातात होतं.

त्या दिवसापासून आमच्या मनात एकच प्रश्न आहे. अशा चोरीला पकडणारी माणसं तिला पकडतात तरी कशी? त्यांच्याकडून आपल्याला काही शिकता येईल का? त्याचा शोध घेताना आम्हाला काटकर बंधूंची गोष्ट सापडली. ही कुठल्या कंपनीची जाहिरात नाही. त्यांचं काहीही विकत घ्या असं आम्ही सांगणार नाही. त्यांनी काम कसं केलं, तेवढं ऐका.

कैलास काटकर आणि संजय काटकर हे दोघे सख्खे भाऊ. कुटुंब मूळचं सातारा जिल्ह्यातलं, वाढले पुण्यात. घरची परिस्थिती बेताची. थोरले कैलास दहावीनंतर शाळेबाहेर पडले आणि रेडिओ, कॅलक्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला लागले. पगार महिन्याला ४०० रुपये. काही वर्षांनी, १९९० च्या सुमारास, १५,००० रुपये भांडवल घालून त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं. आपल्यातल्या कितीतरी जणींनी गटाच्या एवढ्याच कर्जावर शिवणयंत्र घेतलं आहे किंवा शेळ्या घेतल्या आहेत. तेव्हा सुरुवात किती लहान होती ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बँकांमधली हिशोबाची यंत्रं दुरुस्त करता करता कैलास यांची संगणकाशी ओळख झाली. पुढे हेच येणार, हे त्यांनी ओळखलं. स्वतः पुस्तकं वाचून शिकले आणि धाकट्या भावालाही संगणकच शिक म्हणून सांगितलं. संजय पुण्याच्या मॉडर्न कॉलेजमध्ये शिकले आणि पुढे संगणकशास्त्रात त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलं. थोरल्याचं दुरुस्तीचं दुकान धाकट्याची प्रयोगशाळा झाली. लोक बिघडलेले संगणक घेऊन येत. एक दुरुस्त करून पाठवला की आठवडाभरात तोच पुन्हा हजर. यंत्र तर ठीक होतं. आत काहीतरी शिरत होतं.

ते 'काहीतरी' म्हणजे संगणकाचा व्हायरस, म्हणजे विषाणू. हा काही डोळ्यांना दिसणारा किडा नव्हे. संगणकाला किंवा मोबाईलला दिलेल्या लेखी हुकुमांची ती एक छोटी यादी असते. त्यातला पहिला हुकूम असतो, 'माझी नक्कल कर आणि शेजाऱ्याकडे पाठव.' पुढचे हुकूम चोरीचे किंवा नासधुशीचे. त्या काळात इंटरनेट घरोघरी नव्हतं. माहिती एका संगणकातून दुसऱ्यात न्यायला फ्लॉपी नावाची चौकोनी चकती असायची. त्या चकतीवर बसून हा विषाणू गावोगाव फिरायचा.

घरगुती संगणकांवर पसरलेल्या सुरुवातीच्या मोठ्या विषाणूंपैकी एक १९८६ मधला. त्याचं नाव 'ब्रेन'. तो तयार केला होता पाकिस्तानातल्या लाहोरच्या दोन सख्ख्या भावांनी. आपण बनवलेल्या वैद्यकीय प्रोग्रॅमची कुणी चोरून नक्कल करू नये, एवढाच आपला हेतू होता, असं ते सांगत. विषाणूच्या आत त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहिला होता. पण सोडलेलं पाणी कुणाच्या वावरात जाईल ते सांगता येत नाही. तो विषाणू देशोदेशी पसरला आणि परदेशातून त्यांना फोन यायला लागले.

लाहोरचे हे दोन भाऊ विषाणू करून बसले आणि पुण्याचे दोन भाऊ काही वर्षांनी विषाणूवरचं औषध शोधायला बसले. तेव्हा 'मायकेलअँजेलो' नावाच्या विषाणूचा फार धसका होता. तो ६ मार्चला, म्हणजे त्या नावाच्या इटालियन चित्रकाराच्या जन्मतारखेला जागा व्हायचा आणि संगणकातली माहिती नासवायचा. वर्षभर गप्प आणि एका दिवशी घात. संजय यांनी ग्राहकांच्या बिघडलेल्या संगणकांतून असे विषाणू बाहेर काढले, त्यांचे हुकूम ओळीओळीने उलगडून पाहिले आणि त्यावर उतारा लिहिला. आधी हे दुकानापुरतं होतं. मग १९९५ मध्ये त्यांनी 'क्विक हील' नावाने ते बाजारात आणलं.

एका रात्रीत सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. १९९९ च्या सुमारास धंदा बंद करावा की काय, अशी वेळ आली होती. माल चांगला होता, पण तो विकणारी माणसं नव्हती. आपल्या पापड-लोणच्याचंही असंच होतं ना? मग त्यांनी विक्री सांभाळणारी माणसं जोडली आणि हळूहळू पुण्याबाहेर शाखा काढल्या. २००७ मध्ये कंपनीचं नाव 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर मुंबईच्या शेअर बाजारात आले. थोरल्याने धंदा सांभाळला. धाकट्याने तांत्रिक प्रमुख म्हणून संशोधन सांभाळलं.

आम्हाला यातली सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट दुसरीच आहे. संजय काटकरांना विषाणू सापडले कुठून? लोकांनी बिघडलेला संगणक दुकानात आणून टेबलावर ठेवला म्हणून सापडले. एखाद्याने लाजून तो घरातच झाकून ठेवला असता, तर त्याच्यावर औषध निघालंच नसतं. पहिल्याने सांगितलं म्हणून पुढचे हजार वाचले. हे काम आजही असंच चालतं. कुणाच्या तरी फोनमधला नमुना प्रयोगशाळेत पोचतो, तेव्हाच बाकीच्यांसाठी उतारा तयार होतो.

आता हा उतारा चालतो कसा ते पाहू. सोपं आहे, आपल्या शेतीतल्या बियाण्यासारखं.

पहिली पद्धत खुणेची. पोलीस ठाण्यात सराईत चोरांचे फोटो असतात, तशी प्रत्येक विषाणूची एक खूण नोंदवून ठेवायची. फोनमध्ये येणारी प्रत्येक फाईल त्या खुणांशी ताडून पाहायची. जुळली की अडवायची. सुरुवातीला नवे विषाणू महिन्यातून थोडेच यायचे, तेव्हा हे जमलं. पण चोर हुशार झाले. ते विषाणूचा चेहरा बदलायला लागले. आत काम तेच, वरची खूण नवी. बोगस बियाणं विकणारा दर हंगामात पाकीट बदलतो, तसंच. आज जगात रोज लाखो नवे नमुने सापडतात. एवढ्यांचे फोटो काढत बसलं तर राखण कधी करायची?

म्हणून दुसरी पद्धत आली, चाल पाहण्याची. सोयाबीन पेरण्याआधी आपण काय करतो? पाकिटावर विश्वास ठेवून बसत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडतो, गुंडाळून सावलीत ठेवतो आणि पाच-सहा दिवसांनी मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर ठीक, नाहीतर ते बियाणं वावरात टाकत नाही. संशोधकही असंच करतात. संशयाची फाईल आधी एका बंद जागेत उघडतात, जिथून तिला बाहेर काही बिघडवता येत नाही. मग ती काय करते ते बघत बसतात. पत्रिका म्हणवून आलेली फाईल मेसेज का वाचते आहे? कॅलेंडर म्हणवणारी फाईल गुपचूप कुठल्या दूरच्या संगणकाशी का बोलते आहे? नाव काहीही असो, चाल चोराची असेल तर तो चोर.

तिसरी पद्धत हल्ली ज्याचं सगळीकडे नाव ऐकू येतं तिची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, एआयची. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. आपल्यातल्या एखाद्या मावशीला कापसाचा बोंड हातात घेतला की ओल किती, धागा कसा, ते लगेच कळतं. तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. चाळीस वर्षांत हजारो बोंडं हाताखालून गेली, त्यातून ती नजर आली. एआयला तशीच नजर दिली जाते. लाखो चांगल्या फाईली आणि लाखो वाईट फाईली तिला दाखवतात, कुठली कशी ते सांगतात. मग ती अशी नजर शिकते की कधी न पाहिलेल्या फाईलविषयीही अंदाज बांधते. काटकरांच्या कंपनीने आपल्या यंत्रणेला 'गोडीप डॉट एआय' असं नाव दिलं आहे. २०२४ मध्ये त्यांनी ऑनलाईन फसवणूक ओळखणारं एक वेगळं ॲपही आणलं. आपल्या राज्याच्या पोलिसांसाठीही २०२४ मध्ये नागपुरात 'मार्व्हल' नावाची एआयची कंपनी उभी राहिली. म्हणजे हे काम आता आपल्या इतकं जवळ आलं आहे.

पण मावशीचा अंदाज कधी चुकतो, तसा एआयचाही चुकतो. कधी चांगल्या फाईलला चोर म्हणते, कधी चोराला सोडते. म्हणून शेवटची नजर माणसाचीच लागते. तुमची आणि आमची.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. १२ मे २०१७ ला 'वॉन्नाक्राय' नावाचा विषाणू दीडशेहून जास्त देशांत पसरला. संगणक कुलूपबंद करायचा आणि उघडायला खंडणी मागायचा. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची कामं ठप्प झाली. आता ऐका. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवायची दुरुस्ती मार्चमध्येच, दोन महिने आधी, फुकट मिळाली होती. ज्यांनी ती करून घेतली ते वाचले, ज्यांनी 'नंतर करू' म्हटलं ते अडकले. आपला फोन 'अपडेट करा' म्हणतो तेव्हा तो हेच सांगत असतो. पावसाआधी कौलं चाळून घ्यायची की घरात पाणी आल्यावर? लेकीला सांगा, रात्री चार्जिंगला लावून तेवढं करून देईल. मात्र अपडेट फोनच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच करायचं. कुणी पाठवलेल्या लिंकवरून करायचं नाही.

राखण करणाऱ्याला एआय मिळाली, तशी ती चोरालाही मिळाली आहे. तुम्ही कुठे बोललेल्या व्हिडिओमधला काही सेकंदांचा आवाज घेऊन तुमच्यासारखं बोलणारं यंत्र आज बनवता येतं. "आई, माझा ॲक्सिडेंट झाला, या नंबरवर लवकर पैसे टाक," असं पोराच्या आवाजात कुणीही म्हणू शकतं. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये 'अरुप' नावाच्या मोठ्या ब्रिटिश कंपनीतला एक कर्मचारी असाच फसला. व्हिडिओ कॉलवर त्याला आपले साहेब दिसले, सहकारी दिसले. सगळे बोलत होते. तो सोडून सगळे खोटे होते, एआयने बनवलेले. त्याने पंधरा वेळा मिळून जी रक्कम पाठवली ती आपल्या पैशात २०० कोटींहून जास्त होते. शिकलेला, मोठ्या कंपनीतला माणूस होता तो. तेव्हा आपली एखादी ताई फसली तर ती अडाणी म्हणून फसली, असं कुणी म्हणू नये.

मग आता चेहऱ्यावर विश्वास नाही, आवाजावर नाही, ओळखीच्या नंबरावरही नाही. ओळखायचं कसं? जसं संशोधकांनी ओळखलं तसं. चेहरा सोडा, चाल बघा. आम्ही गटात बसून झालेल्या फसवणुकींची यादी केली. वीजबिलाचा मेसेज, लाडक्या बहिणीची केवायसी, लॉटरी, पत्रिकेची फाईल, पोलिसाचा व्हिडिओ कॉल, पोराचा अपघात. चेहरे सगळे वेगळे होते. चाल मात्र चार गोष्टींची.

पहिली, घाई. आत्ता करा, दहा मिनिटांत करा, नाहीतर वीज कापू, नाहीतर खातं बंद. खरं काम करणारा तुम्हाला विचार करायला वेळ देतो.

दुसरी, भीती किंवा लालूच. तुमच्या आधारवर गुन्हा आहे, तुम्हाला 'डिजिटल अटक' केली आहे. मैत्रिणींनो, नीट ऐकून ठेवा. आपल्या देशाच्या कायद्यात डिजिटल अटक नावाचं काही नाही. फोनवर कुणाला अटक होत नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाहीत.

तिसरी, गुपित. कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका, दार लावून घ्या. जो तुम्हाला घरच्यांपासून तोडतो, तो तुमचं भलं करायला आलेला नसतो.

चौथी, परवानगी. ओटीपी सांगा, ही फाईल घ्या, 'हो' दाबा, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागते ती फक्त पैसे द्यायला. आणि पत्रिका म्हणजे चित्र असतं किंवा कागद असतो. फाईलच्या नावाशेवटी 'एपीके' लिहिलं असेल तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. आमच्या ताईने उघडलं ते हेच. तिने 'हो' केलं आणि त्या ॲपला तिचे मेसेज वाचायची मुभा मिळाली. मग बँकेचा ओटीपी तिच्याआधी चोराला दिसायला लागला.

या चारपैकी एक जरी चाल दिसली, तरी फोन ठेवायचा. पोराचा आवाज असेल तर ठेवून पोराच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. आमच्या गटातल्या काही जणींनी घरात एक खुणेचा शब्द ठरवला आहे. अडचणीत फोन आला की तो शब्द विचारायचा. एकीने तर आपल्या मेलेल्या बैलाचं नाव ठेवलं आहे. ते चोराला कुठून माहीत असणार?

आणि तरीही फसवणूक झाली तर? मग ही उजळणी पाठ करा. पहिलं, फोनचं इंटरनेट बंद करा. दुसरं, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून १९३० ला फोन लावा. हा सरकारचा सायबर गुन्ह्यांचा नंबर आहे, केंद्राच्या गृह मंत्रालयाने चालवलेला. तुम्ही खातं, रक्कम, वेळ सांगितली की ती माहिती बँकांकडे जाते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवत असतो. ते ज्या खात्यात पोचले असतील तिथे अडवायचा प्रयत्न होतो. म्हणून तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही. तिसरं, बँकेला कळवा. नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो तोच घ्या. इंटरनेटवर शोधलेला 'कस्टमर केअर' नंबर लावू नका, तिथेही चोर बसलेले असतात. चौथं, मेसेज पुसू नका. तो पुरावा आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात जा.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असंही म्हटलं आहे की, चूक ना आपली ना बँकेची आणि पैसे परस्पर गेले, तर कामकाजाच्या ३ दिवसांत कळवल्यास नुकसान खातेदारावर येत नाही. आपणच ओटीपी सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. दोन्हीकडून अर्थ एकच निघतो. जितकं लवकर सांगाल तितकं वाचेल.

अंगठा लावून पैसे काढणाऱ्या मैत्रिणींसाठी एक सांगणं. आधारमधले अंगठ्याचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात आणि हवं तेव्हा उघडता येतात. आधारच्या ॲपवर ही सोय आहे. गावातल्या बँक सखीला विचारा, ती समोर बसून करून देईल. आणि पैसे काढल्यावर पावती मागा, शिल्लक ऐकून घ्या.

काटकरांच्या घरातल्या अनुपमा काटकर, म्हणजे कैलास यांच्या पत्नी, कंपनीच्या सामाजिक संस्थेच्या अध्यक्षा आहेत. त्या संस्थेच्या उपक्रमात कॉलेजची मुलंमुली शिकून तयार होतात आणि शाळांमध्ये, वस्त्यांमध्ये जाऊन सायबर सुरक्षा समजावतात. तीस वर्षं औषध बनवणाऱ्यांनाही शेवटी कळलं की फोनमध्ये कितीही चांगलं औषध टाका, फोन धरणाऱ्या हाताला शिकवल्याशिवाय राखण पुरी होत नाही. मग आपला ग्रामसंघ ते काम का करणार नाही? त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नोंदी. आमच्या गटांनी बैठकीत आणखी एक प्रश्न जोडला आहे. हप्ते जमा झाले की सचिव विचारते, "या आठवड्यात कुणाला विचित्र फोन आला? कुणी काही दाबलं?" सुरुवातीला सगळ्या गप्प बसायच्या. मग त्याच ताईने, जिचे १८,५०० गेले होते, हात वर केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती बोलली आणि पुढच्याच बैठकीत दोघींनी सांगितलं की त्यांना तशीच फाईल आली होती आणि त्यांनी ती उघडली नाही. तिचे पैसे आले नाहीत. पण तिच्या सांगण्याने दुसऱ्यांचे वाचले.

शेवटी आपल्या गावाची एक गोष्ट. केळझरला जुनी एकचक्रनगरी म्हणतात, हे आपल्या आज्या सांगत आल्या. टेकडीवरच्या गणपतीला जाताना आपण सगळ्यांनीच ती ऐकली आहे. बकासुराला रोज एका घराने गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यायचा. ज्याची पाळी, ते घर आतल्या आत रडायचं. बाकीचे म्हणायचे, आज आपली पाळी नाही ना. असं किती दिवस चाललं. भीमाने त्याला मारलं, हे आपण लक्षात ठेवतो. पण भीम गेला कसा? ज्यांच्या घरी आसरा घेतला होता त्या घरातलं रडणं कुंतीने ऐकलं आणि ती उठून विचारायला गेली, म्हणून.

येत्या बैठकीत तुमच्या गटातली कुणी ताई गप्प गप्प दिसली, हप्ता चुकला, दोन बैठका आली नाही, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जा. चहा घ्या आणि विचारा. तोपर्यंत १९३० हा नंबर भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.